विहिरीचा धडा

पुणे, ४ ऑगस्ट १९५८

कमलाकांतदादा, सरूचा नमस्कार.

तुला हसू येईल, पण यंदा मी तुझीच परीक्षा घ्यायला येते आहे. गिरणगावात सरकारने प्रौढ स्त्रियांचे साक्षरतावर्ग चालवले, त्यांतल्या किती जणी खरोखर वाचू लागल्या हे पाहून अहवाल द्यायचं काम आमच्या मूल्यमापन कचेरीकडे आलंय. यादी उघडली, तर लालबागच्या केंद्रापुढे चालक म्हणून तुझं नाव. हा माझा मामेभाऊ, हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, तुम्हाला रस्ता विचारावा लागणार नाही."

पद्धत साधी आहे. प्रत्येकीने वाचनमालेतला एक धडा वाचायचा. मग मी माझ्याकडचा कागद पुढे करणार, ज्यावर तिने कधीच न पाहिलेला मजकूर असेल. पहिल्याने मेहनत कळते, दुसऱ्याने वाचन. आणि एक लक्षात ठेव, कच्चं निघालं म्हणून केंद्र बंद होणार नाही. उलट तिथे वर्ग पुढे चालवावेत आणि जास्त शिक्षिका द्याव्यात, म्हणून तर ही पाहणी आहे.

येण्याचा दिवस केंद्राला आधी कळवायचा नाही, असा नियम आहे. पण फणसवाडीत तुमच्या घरी न कळवता उतरले तर राजलक्ष्मीवहिनी मला उंबरठ्यावरूनच परत पाठवील, आणि तिच्या हातच्या भानोल्यांना मुकेन ते वेगळंच. म्हणून सांगते, पंचवीस तारखेला येते. हे वहिनीला सांग, केंद्राला नको. तुझ्यातला घरधनी आणि तुझ्यातला चालक यांना तोवर एकमेकांशी बोलू देऊ नकोस.

तुझी,
सरू

---

गिरगाव, ९ ऑगस्ट १९५८

चि. सरू, आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. 'मूल्यमापन' ऐकून तुझ्या वहिनीने विचारलं, "म्हणजे सरू तराजू घेऊन येणार?" मी म्हटलं, तराजूच, फक्त दांडी सरकारच्या हातात.

रागावू नकोस. पण ज्या सरकारने दोन वर्षांपूर्वी याच माणसांच्या छातीवर बंदुका रोखल्या, ते आता त्यांच्या डोक्यात किती अक्षरं शिरली ते मोजायला निघालंय! मुंबईचा मराठी माणूस गिरणी चालवील, गोदीत ओझी वाहील, पण शहर चालवायची त्याची लायकी नाही, हे वाक्य मी किती शहाण्या तोंडांतून ऐकलंय. उद्या लालबागच्या बायका अडखळल्या, तर तो कागद कोणाच्या हाती जाईल? तू म्हणतेस, जास्त शिक्षिका मिळतील. सरू, सरकारला तू कचेरीत बसून ओळखतेस; मी रस्त्यावर ओळखलंय.

तेव्हा ये आणि पाहा. आमच्या पर्पेच्युआबाई शिकवतात. खोताच्या वाडीतल्या, मराठी शाळेत जन्म घालवलेल्या, इतक्या कडक की मीही त्यांच्यासमोर विडी विझवतो. आणि मीराबाईला पाहा. गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळते. नवरा गेला, घर एकटी ओढते. मोर्चात तिने हाक दिली की पुढच्या नाक्यापर्यंत लोक वळून बघतात. या बाईला अक्षर येत नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे?

दिवस केंद्राला सांगणार नाही. वहिनीने नारळ आताच सांगून ठेवलेत.

तुझा,
दादा

---

पुणे, ३० ऑगस्ट १९५८

प्रिय दादा,

डब्यातली भानोली कल्याणच्या आतच संपली, असं वहिनीला सांग.

तुझा वर्ग पाहून मी भारावले. दिवसभर यंत्रांपुढे उभ्या राहिलेल्या बायका, केसांत कापसाचे धागे तसेच, आणि एकेक उठून पुस्तक हातात घेते! "आमच्या गावात एक विहीर आहे. विहिरीचे पाणी गोड आहे. सारे गाव ते पाणी पिते." मीराबाई ओळीखाली बोट धरून वाचत होती, तेव्हा मला वाटलं, ती विहीर आता खोलीच्या मधोमध उघडणार. वाचून झाल्यावर तिने उलट माझीच परीक्षा घेतली: "बाई, एवढा शिकलास, मगे लगीन कित्याक नाय केलास?" सगळ्या हसल्या. मी नापास.

अहवालात केंद्राला 'उत्तम' दिलंय. पुण्यातल्या कचेरीत काही जण म्हणायचे, गिरणगावात घोषणांखेरीज काही पिकत नाही. त्यांच्या टेबलावर तो अहवाल ठेवताना मला फार बरं वाटलं.

एक विचारू? मीराबाईचा आवाज पुढच्या पानावर गेला, तेव्हा तिने पान उलटलं नव्हतं. माझा हात पर्समधल्या दुसऱ्या कागदाकडे गेलाही होता. तेवढ्यात तू म्हणालास, "आता आणखी अपमान नको," आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. राहून गेलं. पर्पेच्युआबाई सारा वेळ खिडकीबाहेर का पाहत होत्या?

तुझी,
सरू

---

गिरगाव, २ नोव्हेंबर १९५८

चि. सरू,

उत्तराला उशीर झाला. सभांवर सभा चालू आहेत.

परवा प्रमाणपत्रं वाटली. पटांगण भरलं होतं. मी तुझ्या अहवालातली वाक्यं वाचून दाखवली आणि म्हटलं, "हे आमचं म्हणणं नाही, हा सरकारचा स्वतःचा कबुलीजबाब आहे!" काय टाळ्या पडल्या! मीराबाईने प्रमाणपत्राला काच लावून ते देवाशेजारी टांगलंय. गिरणीचा कामगार-कल्याण अधिकारीसुद्धा आला होता. आपल्या कामगारणींची नावं त्याने कौतुकाने उतरवून घेतली.

पानाचं काय घेऊन बसलीस? जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका या. यांचा आवाज नेहमीच हाताच्या पुढे धावतो. आणि पर्पेच्युआबाईंना खिडकीची सवय आहे, त्यांचं घर वाडीत कोंडलेलं.

तुझा,
दादा

---

पुणे, १५ जानेवारी १९५९

प्रिय दादा,

हुकूम तुला मिळाला असेल. लालबागचं केंद्र या महिनाअखेर बंद. 'उद्दिष्ट साध्य झाल्यामुळे' असा शेरा आहे. पाट्या, फळा, कंदील कुलाबा जिल्ह्यात जातील. तिथल्या वर्गांचा निकाल वाईट लागला, म्हणून त्यांना मुदतवाढ.

मी पहिल्या पत्रात लिहिलंच होतं की मदत कच्च्या केंद्रांना मिळणार. तुमचं पक्कं निघालं. मग हे आनंदाने कळवायला हवं, तरी माझं पेन का अडखळतंय?

तुझी,
सरू

---

गिरगाव, २२ जानेवारी १९५९

चि. सरू,

यश मिळालं म्हणून शिक्षा! असं न्यायशास्त्र फक्त या द्विभाषिक राज्याच्या कचेरीतच शिजू शकतं. काल परळला तासभर याच विषयावर बोललो. लोक उठायला तयार नव्हते.

पर्पेच्युआबाई सभेला आल्या नाहीत. मी माणसाकरवी निरोप पाठवला होता. त्यांचं उत्तर: "मास्तरांना सांगा, मला ओरडायचं असतं तर वर्ग चालू होता तेव्हाच ओरडले असते."

तुझा,
दादा

---

गिरगाव, ३ ऑक्टोबर १९५९

सरू,

या वेळी आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला उरलाय असं वाटत नाही.

इतके महिने तुला पत्र नाही. सभांचं निमित्त होतं. आज निमित्त उरलेलं नाही.

मीराबाईची नोकरी गेली. गिरणीने वाइंडिंग खात्यातल्या बायका कमी करायचं ठरवलं. एकेकीला बोलावून कागद पुढे केले. तुला ठाऊक आहे, अंगठा घ्यायचा तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा लागतो आणि साक्षीदार लागतो. पण कल्याण अधिकाऱ्याकडे आपल्या प्रमाणपत्रांची नावं होती. मीराबाईला तो म्हणाला, "तुम्ही तर सरकारी साक्षर. वाचा आणि सही करा." मागे रांगेत पोरी उभ्या. तिने कागद डोळ्यांपुढे धरला, ओठ हलवले, मान डोलावली आणि सही केली. तिला वाटलं, दुसऱ्या यंत्रावर बदली आहे. तो राजीनामा होता. स्वखुशीचा.

आता ऐक, मला झोपू न देणारी गोष्ट. राधा तिच्याच शेजारी काम करते. तू आलीस तेव्हा ती तापाने घरी होती, म्हणून तिला प्रमाणपत्र नाही. तिच्या अंगठ्यासाठी कागद वाचावा लागला. 'राजीनामा' ऐकल्याबरोबर तिने असा गलका केला की कारकून दौत टाकून पळाला. राधाची नोकरी शाबूत आहे. जिला प्रमाणपत्र नाही, ती वाचली; जिला मी शिकवलं, ती बुडाली.

मी शिकवलं, असं तरी कुठल्या तोंडाने लिहू? तू यायच्या आधी वर्षभर तो वर्ग नावाला होता. बायका कामावरून यायच्या आणि मी त्यांना उठवून सभेला न्यायचो. पर्पेच्युआबाई म्हणायच्या, "मास्तर, मला यांचा रोजचा एक तास द्या." मी म्हणायचो, "राज्य मिळू द्या, मग वेळच वेळ." तुझं पत्र आलं तेव्हा मी घाबरलो. मी रोज विहिरीचा धडा माझ्या सभेच्या आवाजात म्हणायचो आणि त्या मागून म्हणायच्या. या बायका पोवाडा एकदा ऐकून उचलतात. दोन पानांच्या विहिरीची काय कथा? बोट कुठे ठेवायचं आणि पान कधी उलटायचं, तेही मीच बसवलं. पर्पेच्युआबाईंनी पुस्तक मिटलं आणि मला म्हणाल्या, "यांना पोपट करताय, आणि पिंजरापण तुम्हीच घडवताय."

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, सरू, कारण आत पाहवत नव्हतं.

दादा

---

पुणे, ११ ऑक्टोबर १९५९

दादा,

मला माहीत होतं.

सगळं नाही. पण न उलटलेलं पान मी पाहिलं, आणि दुसरा कागद पर्समध्येच ठेवला. तू अडवलंस म्हणून नव्हे. तू केंद्राचा चालक होतास, माझा वरिष्ठ नव्हेस. मला तुझा निकाल चांगला हवा होता. गिरणगावाला हिणवणाऱ्यांची तोंडं मला बंद करायची होती. तुझ्या घरी जेवून, तुझ्याच शेजारी बसून मी 'उत्तम' लिहिलं. तू बोललास ते भाषण होतं, त्यावर लोक शंका तरी घेतात. माझ्या शेऱ्यावर कोणी शंका घेत नाही. तोच तर माझा पगाराचा धंदा.

आणि येण्याचा दिवस मी कळवला होता. पाहुणी म्हणून. तपासनिसाने पाहुणचार आधी सांगून ठेवायचा नसतो, एवढं साधं कळलं नाही मला.

कामगार खात्याकडे मीराबाईचा अर्ज कर: सही वाचून केलेली नाही. माझा अहवाल चुकीचा आहे, असं मी आजच साहेबांना लिहून दिलंय. ते म्हणाले, "अहवाल लोक विसरले असते; तो खोटा म्हणणाऱ्या तुम्हाला विसरणार नाहीत." सुनावणीसाठी माझा जबाब पाठवते.

एक क्रूर गोष्ट सांगावी लागते. सुनावणी होईपर्यंत मीराबाईला शिकवू नका. त्या दिवशी तिला वाचता आलं, तर नोकरी परत मिळणार नाही.

सरू

---

गिरगाव, २८ ऑक्टोबर १९५९

सरू,

मीराबाईकडे गेलो. हल्ली ती रे रोडच्या वखारीत लाकडाच्या ढलप्या भरते. हात सोललेत. घरात प्रमाणपत्र अजून देवाशेजारी.

मी तुझं म्हणणं सांगितलं. ती हसली, आणि ते हसू मला सोसवलं नाही.

"मास्तरांनू, शिकूक बसलंय तेवा घोकूक लावल्यात. आता पर्पेच्युआबाईकडे खरा शिकूक जातंय, तर थांब म्हणतास!"

मी म्हटलं, "थोडे महिने. नोकरीसाठी."

"आणि थयसर साहेबांसमोर मी अडाणी म्हणान उभी रवू? सगळ्या गिरणीसमोर? ती लाज माझी काय तुमची?"

"माझी," मी म्हटलं.

"मगे तुमी उभे रवा." असं म्हणून तिने काचेची तसबीर काढली, पदराने पुसली आणि पालथी करून फडताळात ठेवली.

मी शेकडो सभांत विचारलंय, "जबाब द्या!" जबाब देणाऱ्याला कसं वाटतं ते त्या खोलीत कळलं.

जाताना ती एवढंच म्हणाली, "येतंय मी. वकिलाक सांगा, माका काय बोलायचा ता शिकवू नको."

दादा

---

पुणे, २० जानेवारी १९६०

दादा,

सुनावणीला येता येणार नाही. मला पाहणीच्या कामावरून काढून नोंदणी विभागात बसवलंय, रजा नामंजूर. जबाब सोबत आहे. त्यात तुझंही नाव आहे, आपलं नातं आहे, भानोली सोडून सगळं आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

गिरणीचा वकील म्हणेल की वाचता येत नसल्याचं सोंग कोणीही आणील. याला माझ्याकडे उत्तर नाही. न येणं सिद्ध कसं करायचं?

सरू

---

गिरगाव, १७ फेब्रुवारी १९६०

प्रिय सरू,

उत्तर मीराबाईकडे होतं.

गिरणीचा वकील अगदी तेच म्हणाला. प्रमाणपत्र उंच धरलं, तुझा जबाब बाजूला सारला. "भाऊ पुढारी, बहीण अधिकारी. तेव्हा खरं बोलल्या की आज, हे कसं ठरवायचं?" मग त्याने गिरणीची एक सूचना मीराबाईपुढे टाकली. "वाचता येत नाही असं म्हणा, म्हणजे सुटलात!"

ती उभी राहिली. सूचना दोन्ही हातांत धरली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि खणखणीत आवाजात सुरू केलं:

"आमच्या गावात एक विहीर आहे. विहिरीचे पाणी गोड आहे. सारे गाव ते पाणी पिते."

बोट सरकत होतं, ओळीगणिक, अगदी मी बसवलं तसं. कुठे थांबायचं, कुठे सूर चढवायचा, सगळं माझं. सरू, तो माझा आवाज होता. माझ्या सभांचा आवाज, तिच्या तोंडून, गिरणीच्या छापील सूचनेवर. पुढचं पान नव्हतंच, तरी तिने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उरलेला धडा म्हटला.

वकील ओरडला, "अहो, हे यात कुठे लिहिलंय?"

"नाय?" तिने कागद खाली ठेवला. "मगे सरकारान ह्याच ऐकल्यान आणि माका प्रमाणपत्र दिल्यान."

कोणी हसलं नाही. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने चष्मा काढला. म्हणाला, "हे यांना कोणी शिकवलं?"

मी उभा राहिलो. "मी," म्हटलं आणि खाली बसलो. आयुष्यातलं माझं सर्वांत लहान भाषण. टाळ्या पडल्या नाहीत.

राजीनामा रद्द झाला. मीराबाई सोमवारपासून कामावर आहे. बाहेर राधाने तिला मिठी मारली. माझ्याकडे मीराबाईने पाहिलं, नमस्कारही केला नाही, शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी ती पर्पेच्युआबाईंच्या ओट्यावर हजर. बाकीच्याही आल्या. सरकारी फळा नाही, बाई दारावर खडूने लिहितात. विहिरीचा धडा त्यांनी वर्ज्य केलाय. मला विचारलं, "मास्तर, तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, "सांगाल ते." तर म्हणाल्या, "गप्प बसाल? आणि सभा असली तर यांना न नेता जाल?" मी मागे बसतो, पाट्या पुसतो. मीराबाई अक्षरावर अडते, घाम पुसते, पुन्हा मागे येते. तिचं ते अडखळणं ऐकताना मला कळलं की तू आलीस त्या दिवशी एकही बाई अडखळली नव्हती. तेवढ्यावरूनच तुला आणि मला समजायला हवं होतं.

राज्य आता मिळणार, सरू. सगळीकडे तोरणांची भाषा चाललीय. मीही नाचेन, ज्यांनी जीव दिला त्यांच्यासाठी. पण आपल्या राज्यातही कचेऱ्या असतील, केंद्रं असतील, अहवाल असतील, आणि 'आपली माणसं आहेत, नावं ठेवू नका' असं म्हणणारे माझ्यासारखे शेकड्यांनी असतील. खोटा अहवाल आपल्या भाषेत लिहिला म्हणून खरा होत नाही. परक्याने फसवलं तर माणूस लढतो. आपल्याने 'उत्तम' म्हणून फसवलं, तर तो मान डोलावतो आणि सही करतो.

तुला पाहणीवरून काढलं, हे माझ्याच पापाचं माप. तरी एक मागणं आहे. सरकारची म्हणून नको, तुझी तू म्हणून एकदा त्या ओट्यावर ये. पर्समधला दुसरा कागद घेऊन ये आणि तोच आधी काढ. मी खोलीत असेन तर मला बाहेर घालव.

राजलक्ष्मी विचारते, कधी येणार, नारळ आणायला हवेत. मी तिला म्हटलं, ते आपल्याला कळता कामा नये. सरू, दिवस कळवू नकोस. येशील त्या दिवशी घरात जे शिजलं असेल, ते जेव.

दादा